शब्द सिगारेटचा होता

गांधीबाग, नागपूर
सोमवार

प्रिय पंकज,

‘प्रिय’ लिहिताना आज पेन जरा अडलं. पण लिहिलंय, आणि खोडणार नाही. पुढचं वाचताना डोकं तापलं की वर जाऊन तेवढा एक शब्द पुन्हा वाच आणि मग खाली ये.

फोन करायचा सोडून ताईला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तू म्हणशील. अरे, फोनवर तुझ्याशी बोलायचा कंटाळा आलाय मला. मी एवढी बडबड करते आणि पलीकडून नुसतं ‘हूं’ येतं. पुन्हा काही विचारावं तर ‘हूं हूं’. आणि खरंच उत्तर द्यायची वेळ आली की, ‘ठहर ना ताई एक मिन्ट,’ मग पावलांचा आवाज, मग तो दुसरा आवाज, पच्च असा, आणि मग माझा भाऊ बोलायला मोकळा. तो आवाज ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. मी फोन कानापासून लांब धरते. दुकानात साडीला फॉल लावून घ्यायला आलेल्या बायका विचारतात, काय झालं वं ताई? त्यांना काय सांगू? कोणाच्या साडीला डाग लागू नये म्हणून मी सारखी हात धुणारी बाई, आणि माझा सख्खा भाऊ मला मौद्याहून फोनवर थुंकून दाखवतो. म्हणून हे पत्र. तुझे भाऊजी उद्या कामासाठी तुमच्याकडे येताहेत, त्यांच्या हातून देते. कागदाला ‘हूं’ म्हणता येत नाही, निदान वाचावं तरी लागेल.

माझं हे किळस येणं तुला नवीन नाही. लहानपणी आई मला ‘मोठी आली साहेबीण’ म्हणून चिडवायची. हातमाग बंद झाल्यावर बाबा इथे गांधीबागेत कापडाच्या दुकानात गाठोडी बांधायला जाऊ लागले, पण बिडी त्यांची मागावर बसायचे तेव्हापासूनची. कानामागे विझवलेलं थोटूक कायम. चहा संपला की बशीत राख. ती बशी मी धुवायची. संडासात तरंगणारी थोटकं, कितीही पाणी ओता, पुन्हा वर यायची, ती मी बघायची. आणि खाटेखालचा तो डबा, आठवतो? राख घालून ठेवलेला, खोकला आला की त्यात थुंकायला. शाळेत जायच्या आधी तो मोरीत रिकामा करणं हे माझं काम. तुझं नव्हतं, कारण तू मुलगा. मी श्वास रोखून, तोंड फिरवून ओतायची, तरी तो आवाज यायचाच. मग मधल्या सुट्टीत डब्यातली पोळी घशाखाली उतरायची नाही, मैत्रिणीला देऊन टाकायची. तेव्हा तुझ्या फोनमधला आवाज मला नवा नाही, पंकज. बाबांच्या खाटेखालून तो मी रोज ऐकलाय.

शेवटच्या वर्षी बाबांना ऑक्सिजन लागला. डॉक्टर अगदी हात जोडून म्हणाले होते, ताराचंदजी, आता तरी सोडा, आताही सोडली तर श्वास थोडा सोपा जाईल. बाबांनी शहाण्या मुलासारखी मान हलवली. आणि घरी आल्यावर काय? नाकातली नळी काढून उशीवर ठेवायची, भिंत धरत धरत बाथरूम गाठायचं, आतून कडी. दाराच्या फटीतून धूर बाहेर. इकडे घरात ऑक्सिजनचं सिलिंडर, तिकडे हा माणूस काडी ओढतोय. सगळं घर पेटलं असतं. मी दार बडवून ओरडले की खोकल्याच्या मधूनच उत्तर यायचं, ‘कोण पिऊन राहिलं? मी तं तोंड धुऊन राहिलो.’ लोक म्हणतात अशा वेळी बापाची कीव येते. मला नाही यायची. शिसारी यायची, आणि ती मी लपवलीही नाही. त्यांचे सदरे मी आपटून आपटून धुवायची, तरी वास जायचा नाही. ते गेल्यावर आई म्हणाली एक सदरा आठवणीला ठेवू. मी म्हटलं, ठेव, पण तुझ्या पेटीत ठेव, माझ्या घरी नको.

आणि मग तो दहाव्याचा दिवस. कन्हानच्या काठावर आपण सगळे उभे. लोक पिंडाशेजारी मेलेल्या माणसाच्या आवडीचं काही ठेवतात, कोणी लाडू, कोणी भजी. तू खिशातून बिडीचं बंडल काढलंस आणि वर काडेपेटी ठेवलीस. ज्यानं माणूस गेला तेच त्याच्यापुढे मांडलं, आणि जमलेले सगळे म्हणाले, वा, पोरानं बापाची आवड ध्यानात ठेवली! कावळे झाडावर बसून होते, खाली यायला तयार नाहीत. मला वाटलं, त्यांनाही माझ्यासारखं मळमळत असेल. तेवढ्यात हेमराजकाकानं आपली अक्कल पाजळली, ‘अरे, पेटवून ठेव गा एक, मंग पाहाय कसा येते कावळा!’ आणि तू पेटवलीस. नीट पेटावी म्हणून स्वतः एक झुरका मारलास आणि ती बिडी बापाच्या पिंडात उदबत्तीसारखी खोचलीस. जवळच्या फांदीवर आलेले दोन कावळे होते, तेही धुरानं उडाले. मी तिथून निघालेच होते. आईनं हात घट्ट धरला म्हणून थांबले.

मग काय झालं तुला कोणास ठाऊक. ती बिडी तू उपटून नदीत फेकलीस, बंडलही फेकलंस, हात जोडलेस आणि लहान पोरासारखा हुंदके देत म्हणालास, ‘बाबा, आजपासून मी सिगरेट नाही पिणार, तुमची आन.’ आणि कावळा आला. बायका रडल्या, काकानं तुला मिठी मारली. मी कावळ्याबिवळ्यावर विश्वास ठेवणारी नाही. धूर गेला, भात दिसला, आला बिचारा. पण तुझ्यावर मात्र माझा विश्वास बसला. घरी येताना मी तुझ्याच मोटारसायकलवर मागे बसले, आणि तुझ्या शर्टाला सिगारेटचा वास होता तरी मी तोंड फिरवलं नाही.

तू धडपडलासही, हे मी कोणाहीपुढे सांगेन. आधी नुसत्या जिद्दीवर काढलंस आणि घरच्यांना सळो की पळो करून सोडलंस. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलंस, तुझी रुचिका बिचारी बाथरूममध्ये जाऊन रडली. तिनंच मला फोन केला, आणि मी तुला इथल्या दातांच्या सरकारी दवाखान्यात, तंबाखू सोडवायच्या ओपीडीत घेऊन गेले. बाहेरच्या बाकावर तू असा बसला होतास, जसं काही पोलिसांनी उचलून आणलंय. तिथल्या समुपदेशक अरुंधती मॅडमनी तुला एका शब्दानं रागावलं नाही, याचा खरं तर मलाच राग आला. त्यांनी विचारलं, पहिली कधी लागते, उठल्या उठल्या की चहानंतर? कोणासोबत ओढता? कशानं आठवण येते? म्हणाल्या, तलफ येते तशी थोड्या वेळानं जातेही, तेवढा वेळ मारून न्यायचा. पाणी प्यायचं, उठून चालायचं, कोणाशी तरी बोलत बसायचं. त्यांनी निकोटिनचं च्युइंगम दिलं, लागलं तर डॉक्टर गोळ्याही देतील म्हणाल्या, आणि सिगारेटच्या पाकिटावर छापलेला तो फुकट फोनचा नंबर तुझ्या मोबाइलमध्ये टाकून घेतला. मदत घेतली तर सुटायला सोपं जातं, यात लाजायचं काय, असंही म्हणाल्या. मी मनात म्हटलं, बाई, याच्या बापाला भेटला असतात तर!

पुढच्या वेळी गेलो तेव्हा तू तोंड पाडून म्हणालास, ‘मॅडम, या दवाईचा काहीच फायदा होऊन नाही राहिला.’ त्यांनी तुला समोरच एक गम खायला लावलं. तू ते तोंडात टाकलंस, कचाकचा चावलंस, ओठाखाली दाबलंस, आणि उठून खिडकीतून बाहेर पिचकारी मारलीस. मॅडम बघतच राहिल्या. ते गम हळूहळू चावायचं, जिभेला चुरचुर लागली की गालात धरून ठेवायचं, गालातूनच औषध अंगात जातं, हे त्यांनी आधी दोनदा समजावलं होतं. आणि आमचा शहाणा सगळं औषध मौद्याच्या रस्त्याला पाजत होता! मी पोट धरून हसले. त्याही हसल्या. हसता हसता त्यांनी विचारलं, ‘खर्रा खाता का कधी?’ तू म्हणालास, ‘नाही तसा, ड्युटीवर पोरं देतात तं कधी कधी.’ त्यांचं हसू तिथेच थांबलं. म्हणाल्या, ते पण सोडायचं बरं का, एकाच्या जागी दुसरं नको. तू ‘हो हो’ म्हणालास. तू ‘हो हो’ फार छान म्हणतोस.

गम कसं खायचं ते कळल्यावर मात्र गुण आला. सिगारेट सुटली. तुमच्या कॉलनीत आईनं पेढे वाटले, घरच्या ग्रुपवर सगळ्यांनी फुलं पाठवली, हेमराजकाकानं तर लिहिलं की कावळ्याचा आशीर्वाद आहे. मीसुद्धा दुकानात ज्याला त्याला सांगत सुटले, माझ्या भावानं सोडली म्हणून. आणि तान्ह्या पोळ्याला मी तुमच्याकडे आले तेव्हा आई ओसरीत बसली होती. गुडघ्यावर प्लॅस्टिकची पन्नी पसरलेली, त्यावर सुपारीचा चुरा, तंबाखू, चुना, आणि ती तळहातानं दाबून दाबून घासत होती. मला वाटलं ती स्वतःसाठी काही करतेय. विचारलं तर कौतुकानं म्हणाली, ‘पंकजले लागते ना ड्युटीवर. ठेल्यावरचा खाऊ नये म्हणून मीच घोटून देतो. हात स्वच्छ धुऊन करतो वं मी.’ ज्या हातांनी तिनं जन्मभर मागाच्या कांड्या भरल्या, रेशमाचा तार तुटू दिला नाही, ते हात पोरासाठी खर्रा घोटत होते. आणि स्वच्छ धुऊन! मी त्या दिवशी तुमच्याकडचं पाणीसुद्धा प्यायले नाही.

माझा आवाज चढला तशी ती म्हणाली, ‘खाऊ दे वं, धूर तं सोडला ना त्यानं.’ आणि तू आतून आलास, गाल फुगलेला, अंगणात जाऊन थुंकलास, आणि मला समजावू लागलास, ‘ताई, मी बाबाले सिगरेटचा शब्द देला होता, खर्ऱ्याचा नाही. शब्द मोडला काय मी? सांग ना.’ आईनं मान डोलावली. रुचिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिला दिवस गेले होते, तिनं पदर नाकाला लावला आणि आत गेली. म्हणजे बापाच्या पिंडापुढे रडता रडताही तुझ्यातला वकील जागा होता का रे? धूर गेला, खर्रा आला, आणि सगळं घर खूश, कारण खोकला नाही, राखेचा डबा नाही, पडद्यांना वास नाही. या नागपुरात मी असे कितीतरी पाहिले. सिगारेट सोडल्याचा अभिमान छातीवर आणि खर्ऱ्याची पुडी खिशात. त्यात आता माझा भाऊ.

तुला वाटतं ताई उगाच नाक मुरडते. मग ऐक. तुझ्या शर्टाच्या खिशाला आतून पिवळा डाग आहे, तो रुचिका घासून घासून थकली. तुमच्या बेसिनच्या जाळीत सुपारीचे कण अडकतात, ते ती काडीनं काढते. तुझ्या उशीचा अभ्रा तिनं माझ्यासमोर बदलला, त्यावर झोपेत ओघळलेली लाळ लालसर वाळली होती. हे सगळं तिनं मला तक्रार म्हणून सांगितलं नाही, मी पाहिलं. आणि दवाखान्यातलं तर तुझं तूच आठव. तुझी लेक जन्मली त्या दिवशी तू धावत जिना चढत होतास, मी मागे. वळणावरच्या कोपऱ्यात देवांच्या टाइल्स लावलेल्या, कोणी थुंकू नये म्हणून. तू थांबलास, टाइलकडे पाहिलंस, हात छातीला लावून नमस्कार केलास, दोन पायऱ्या खाली सरकलास, आणि जिथे देव नव्हता तिथे थुंकलास. मग शर्टाच्या बाहीनं तोंड पुसून लेकीला घ्यायला गेलास. रुचिकानं बाळ तुझ्या हातात दिलं, पण तू पापी घ्यायला वाकलास तशी तिनं दुपट्याचं टोक मधे धरलं. तुझ्या ते लक्षात आलं की नाही, मला माहीत नाही. माझ्या आलं.

आता एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. मागच्या वर्षी दिवाळीत आपण सगळे इतवारीत खरेदीला गेलो होतो आणि तर्रीपोहे खायला थांबलो. लहानपणी तू ठेलेवाल्याकडे सारखी तर्री मागायचास, तो वैतागायचा, डोळ्यांतून पाणी आलं तरी तुझं ‘और थोडा’ चालूच. त्या दिवशी तू म्हणालास, बिना तर्रीचे दे. आम्ही सगळ्यांनी तुझी टिंगल केली. तू म्हणालास ॲसिडिटी आहे. नंतर संक्रांतीला तू पोळी दुधात कुस्करून खाल्लीस. रोशनीच्या लग्नात पाणीपुरीच्या ठेल्याजवळ नुसता उभा राहिलास, फोन बघत. फोटो काढताना सगळे हसत होते आणि तू ओठ मिटून. मी म्हटलं, बाप होणार म्हणून पोरगा गंभीर झाला. आणि मघाशी लिहिलं तसं फोनवर ‘हूं हूं’ करणं. ते मला खर्ऱ्यामुळे वाटायचं. पण गेल्या महिन्यात तू सकाळी उठल्या उठल्या फोन केला होतास, बाळंतपणाची तारीख सांगायला. तेव्हा तोंडात काही नव्हतं. मधेच थुंकायलाही गेला नाहीस. तरी तुझं बोलणं तसंच आलं, दाताला दात लावून बोलल्यासारखं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. लेक झाली म्हणून मी संत्रा बर्फीचा डबा आणला होता. रुचिकानं पलंगावरूनच एक तुकडा उचलून तुझ्या तोंडाजवळ नेला. तू तिचा हात बाजूला केलास, पोट ठीक नाही म्हणालास, बर्फी हातात घेतलीस आणि बाहेर गेलास. तिचं तोंड एवढंसं झालं. मला तुझा इतका संताप आला, की तुला चार शब्द सुनवायला मी मागोमाग आले. तू व्हरांड्याच्या टोकाला बेसिनपाशी होतास, माझ्याकडे पाठ, समोर आरसा. तू ती बर्फी तोंडात घालत होतास आणि ती जात नव्हती. एवढासा तुकडा, पंकज, बाळंतिणीनं आपल्या हातानं दिलेला, आणि तुझे दात त्याच्यासाठी उघडत नव्हते. तू एका हाताच्या बोटांनी जबडा खाली ओढत होतास. बर्फीचा चुरा बेसिनमध्ये पडत होता, आणि तू तो चुरा बोटानं गोळा करून दातांच्या फटीतून आत सारत होतास, आणि रडत होतास. त्या बेसिनमध्ये कोणी कोणी काय काय थुंकलेलं होतं. जन्मभर मला ज्या ज्या गोष्टीची शिसारी आली ते सगळं तिथे एका जागी होतं, आणि मला शिसारी आली नाही. मी आल्या पावली मागे फिरले, रुचिकाला म्हटलं, त्याला फोन आलाय.

दुसऱ्या दिवशी मी अरुंधती मॅडमकडे गेले, एकटीच. त्यांना तू लख्ख आठवतोस, खिडकीतून थुंकणारे ते, म्हणाल्या. मी पाहिलं ते सगळं त्यांना सांगितलं. म्हणाल्या, सुपारीनं आतून गाल आवळत जातात, तिखट सोसत नाही, मग तोंड उघडायचं कमी कमी होतं. आपली तीन बोटं उभी धरून तोंडात जायला हवीत. त्यांनी मला करून दाखवायला लावलं, माझी गेली, आणि मला तिथेच रडू फुटलं. जे आवळलं ते सगळं पूर्ववत होईल असं त्या म्हणाल्या नाहीत, मी विचारूनही म्हणाल्या नाहीत. यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो, हेही त्यांनी लपवलं नाही. पण आज खर्रा थांबला तर पुढचं थांबवता येतं, लाकडी पट्ट्या दातांत धरून करायचे व्यायाम असतात, औषधं असतात, आणि तपासून घ्यायलाच हवं, वाट बघायची नाही. मी विचारलं, तो एकदा सोडून पुन्हा दुसरं लावून घेतलेला माणूस, त्याला घ्याल का? त्या म्हणाल्या, असेच तर जास्त येतात. गम खायची पद्धत पुन्हा शिकवू, या वेळी खिडकी बंद ठेवू. आईलाही मी सगळं सांगितलं. तिनं पन्नी चुलीत घातली आणि तेव्हापासून आपले हात बघत बसली आहे, तिला काही बोलू नकोस. रुचिकाला मी अजून सांगितलेलं नाही. ते तू सांगायचंस.

रविवारी बारसं आहे. आत्या म्हणून पाळण्यात वाकायचं मी, कानात कुर्र करायचं मी, बायकांचे गुद्दे पाठीवर घ्यायचे मी. सगळ्या विचारताहेत, नाव काय ठरवलं, आणि मी कोणाला सांगितलेलं नाही. नाव माझ्यापाशी आहे आणि फार गोड आहे. शुक्रवारी सकाळी मी त्या ओपीडीच्या बाकावर तुझी वाट बघत बसेन, दुकान बंद ठेवून. या वेळी मी तुला ओढून नेणार नाही, रागावणारही नाही, तूच ये. या वेळी शब्द बाबांना देऊ नकोस, कावळ्याला तर नकोच. मॅडम म्हणतील, आ करा, तेव्हा कितीही कमी उघडलं तरी माझ्यासमोर उघड, मी तोंड फिरवणार नाही. तुझ्या लेकीच्या कानात तिचं नाव सांगायच्या आधी मला तुझं तोंड उघडलेलं बघायचंय, कारण मी सांगून झाल्यावर त्या नावानं तिला जन्मभर हाक तुलाच मारायची आहे.

रागावलेली, घाबरलेली, आणि तरी तुझीच,
ताई